वादकाचा मुशाहिरा आणि करारनामा

झाशीच्या पूर्वेस गुरसराय म्हणून जे गाव आहे, ते मराठी वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. गोविंदपंत बुंदेल्यांच्या काळापासून बुंदेलखंडात जी मराठी कुटुंबे स्थायिक झाली, त्यांपैकी एका ब्राह्मण घराण्याची ही जहागीर; आणि काल्पी, जालवण, सागर, झाशी या ठाण्यांप्रमाणेच येथेही पेशवाईच्या दप्तरातील शब्द, सणावारांची रीत आणि दरबारी इतमामाची कल्पना दीर्घकाळ टिकून राहिली. त्या इतमामात वाजंत्र्यांना ठरलेली जागा होती. मराठी राज्यव्यवस्थेत जे अठरा कारखाने सांगितले जातात त्यांत फीलखाना, जवाहीरखाना यांच्या बरोबरीने नगारखानाही मोजला जाई. अर्थात सनई फुंकणारा आणि चौघडा वाजविणारा मनुष्य हा राज्यकारभाराच्या दृष्टीने कारखान्याचा नोकर होता, आणि त्याची नेमणूक कोठे रोख मुशाहिऱ्याने, कोठे शिधासामग्रीने, तर कोठे इनाम जमिनीने चालत असे. वादकाच्या वेतनाचे आणि त्यावरून उद्भवणाऱ्या तंट्यांचे स्वरूप समजून घ्यावयाचे असेल, तर आरंभ येथूनच करणे सोयीचे आहे. कारण समूहाने वाजविणाऱ्या कलावंताला अन्न कोण देतो, आणि देणारा नाहीसा झाला म्हणजे त्याच्या हाती काय उरते, हे या प्रदेशाने फार जवळून पाहिले आहे.

झाशीचे गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी निवर्तले. त्यांना नाटकांचा विलक्षण शौक होता आणि त्यांनी झाशीत नाट्यगृह चालविले होते, हे प्रसिद्धच आहे. दुसऱ्याच वर्षी दत्तकविधान अमान्य करून डलहौसीने संस्थान खालसा केले, राणी लक्ष्मीबाईंना दरमहा ५,००० रुपयांची नेमणूक देऊ केली, आणि संस्थानची फौज मोडण्यात आली. गादीशी इमान बांधलेल्या ज्या शेकडो लोकांचे पोट संस्थानच्या खर्चावर चालत होते, त्यांच्यापैकी कोणाचाही नव्या सरकारशी स्वतंत्र करार नव्हता. पुढे सुमारे एका शतकाने, १ जुलै १९५२ पासून, उत्तर प्रदेशात जमीनदारी निर्मूलनाचा कायदा अमलात आला. कुळांना न्याय देणारा तो कायदा आवश्यकच होता, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. तथापि त्यात जमीनदाराला भरपाई होती आणि कुळाला हक्क होता, परंतु जमीनदाराच्या देवडीवर पिढ्यान्‌पिढ्या वाजविणाऱ्यासाठी एकही कलम नव्हते. तसे ते असावे, हे कोणाला सुचलेही नाही.

या दोन प्रसंगांतून जे दोन प्रश्न उभे राहतात, तेच वादकांच्या आजच्या प्रत्येक वादाच्या मुळाशी आहेत. पहिला असा की, वादक नेमका कोणाचा नोकर? गादीचा, मालकाचा, कंपनीचा, निर्मात्याचा की संगीत दिग्दर्शकाचा? आणि दुसरा असा की, वाजविणे हे श्रम आहे काय? वरकरणी हा दुसरा प्रश्न तत्त्वचर्चेचा वाटेल; पण कायद्याच्या दरबारात त्याच्या उत्तरावर पगार, रजा, नोटीस आणि बडतर्फी ही सारीच अवलंबून असतात.

पहिल्या प्रश्नाचे लेखी उत्तर देण्याचा एक मोठा प्रयत्न मराठी राज्यकर्त्यांच्याच घरी झाला. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत गवई, बीनकार, सारंगिये, तबलजी, सनईवाले आणि नाचणाऱ्या स्त्रिया या सर्वांचे मिळून ‘कलावंत कारखाना’ नावाचे खाते होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या खात्याचे रीतसर नियम तयार करण्यात आले. कोणी कोणत्या प्रसंगी हजर राहावे, रजा कोणाकडून घ्यावी, परवानगीवाचून बाहेरगावी मैफल केली तर काय व्हावे, गैरहजेरीबद्दल दंड कसा बसावा, याची तरतूद त्यांत होती. याच राज्यात मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली आणि याच दरबारी पुढे उस्ताद फैयाज खाँ रुजू झाले. सयाजीरावांसारख्या कर्त्या पुरुषाने कलावंताला शिस्तीच्या चौकटीत आणले, याचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते यथार्थ आहे. परंतु नियमांच्या या प्रकारात एक उणीव असते, ती लक्षात घेतली पाहिजे: त्यांत नोकराची कर्तव्ये तपशिलाने लिहिलेली असतात, मालकाची तशी लिहिलेली नसतात. वेतन कमी करावयाचे झाल्यास किती आगाऊ सूचना द्यावी, वादकाने दाद कोणाकडे मागावी, या गोष्टी मालकाच्या मर्जीवर सोडलेल्या असतात. लेखी नियम आणि लेखी करार यांत हाच भेद आहे. नियम एका बाजूने केला जातो. करारावर सह्या दोघांच्या असतात. तरीसुद्धा बडोद्याच्या खात्याने एक गोष्ट साधली, ती ही की वादकाचे नाव, पद आणि पगार सरकारी दप्तरात आला. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा गायनशाळेची परंपरा नव्या विद्यापीठात जाऊ शकली; लिखित स्वरूप असलेल्या संस्थेला असा वारस मिळू शकतो.

बुंदेलखंडाच्या शेजारी, बघेलखंडात, मैहर संस्थानाचा वाद्यवृंद याहून थोड्या निराळ्या रीतीने वाचला. १९१८ च्या सुमारास, इन्फ्लुएंझाच्या साथीत अनाथ झालेली मुले गोळा करून उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी महाराज ब्रिजनाथसिंहांच्या आश्रयाने तो उभा केला. बंदुकीच्या नळ्यांपासून त्यांनी बनविलेला नलतरंग आजही त्या वृंदाची ओळख आहे. संस्थान गेल्यावर हा वृंद शासनाकडे आला. म्हणजे धनी बदलला, पण वृंद मोडला नाही; जेथे एकेका वादकाला आश्रय होता तेथे तो तुटला, आणि जेथे समूहालाच संस्थेचे रूप होते तेथे तो पुढे चालला.

महाराष्ट्रात याच सुमारास वादकांचा मोठा आश्रय म्हणजे संगीत नाटक मंडळ्या. ऑर्गन, सारंगी, तबला यांची साथ हा संगीत नाटकाचा प्राण होता, आणि १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीने अहमदजान थिरकवा यांच्यासारखा तबलावादक आणि कादरबक्षांसारखा सारंगिया पदरी बाळगला, यावरून त्या काळी साथीदाराला काय प्रतिष्ठा होती ते दिसते. पगार दरमहा असे, जेवणखाण आणि बिऱ्हाड मंडळीकडे असे. मात्र हे सारे मंडळीच्या तिजोरीवर अवलंबून होते, आणि ती तिजोरी भरजरी शालू, अत्तरे व कर्जाचे व्याज यांतच रिकामी होत असे. मालक स्वतःच कर्जात बुडालेला असताना साथीदाराने थकलेला पगार मागावा तरी कोणाकडे? १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला, १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि पाहता पाहता नाट्यगृहांची चित्रगृहे झाली. पाश्चात्त्य देशांत याच सुमारास मूकपटांना साथ करणारे हजारो वादक एका-दोन वर्षांत बेकार झाले होते. आमच्याकडे नाटक मंडळ्या बंद पडल्या, आणि त्यांतील जे वादक तरले ते बहुधा बोलपटांच्या कंपन्यांत शिरले.

आता मुंबईच्या चित्रपटसंगीताकडे येऊ. कारण भारतात वाद्यवृंदाचा खरा बाजार जर कोठे झाला असेल तर तो तेथे, आणि वादकांचे करार, दर, थकबाकी व संघटना यांचा इतिहासही तेथेच सर्वांत बोलका आहे. आरंभी प्रभात, बॉम्बे टॉकीज अशा कंपन्यांत वादक महिन्याच्या पगारावर असत. काम असो वा नसो, हजेरी लावावी आणि महिनाअखेर पगार घ्यावा, अशी ती नोकरी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर स्वतंत्र निर्मात्यांचा सुळसुळाट झाला, कंपन्या खिळखिळ्या झाल्या, आणि वादक पगारदाराचा रोजंदार झाला. एका शिफ्टचा अमुक दर, अशी पद्धत पडली. चांगल्या वादकांना यात आरंभी लाभच झाला, कारण एकाच दिवशी दोन-दोन स्टुडिओंत वाजवून ते पूर्वीच्या पगाराच्या कित्येक पट मिळवू लागले. गोव्याहून आलेले व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजविणारे नोटेशन-निपुण कलावंत तर या नव्या व्यवस्थेचे आधारस्तंभच झाले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही नावे जाणत्यांना ठाऊक आहेत; ज्या गाण्यांवर आमच्या दोन पिढ्या वाढल्या, त्यांतील वाद्यमेळाची रचना यांच्या हातची आहे.

परंतु पगार गेला त्याबरोबर आणखीही पुष्कळ गेले. आजारपणाची रजा गेली, उतारवयाची तरतूद गेली, आणि देणारा कोण हेच धूसर झाले. ध्वनिमुद्रणाचा निरोप मेसेंजर आणी, वृंदाची निवड संगीत दिग्दर्शक किंवा अ‍ॅरेंजर करी, पैसे द्यावयाचे निर्मात्याने. आणि निर्मात्याचे चित्र अर्धवट राहिले किंवा पडले, की तगाद्याला अंत नसे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही करारच असतो, हे खरे. पण तो सिद्ध करावयाचा तर साक्षीदार लागतो, आणि आपल्या संगीत दिग्दर्शकाविरुद्ध साक्ष देणाऱ्या वादकाला दुसऱ्या दिवशी बोलावणे येईल याची शाश्वती कोण देणार? एकट्या वादकाला जे साधत नाही ते समूहाला साधते, या जाणिवेतून सिने म्युझिशियन्स असोसिएशन ही संघटना उभी राहिली. वादकांची परीक्षा घेऊन त्यांचे दर्जे ठरविणे, दर्जानुसार शिफ्टचे दर बांधून घेणे, आणि ठरल्याहून कमी दराने कोणी वाजवू नये असा दंडक पाळणे, हे तिचे मुख्य कार्य झाले. यातील तिसरा दंडक सर्वांत महत्त्वाचा आहे. कारण वेतनकपात बहुधा हुकमाने होत नसून, शेजारचा माणूस कमी पैशांत उभा राहतो म्हणून होत असते.

१९८१ मध्ये संसदेने चित्रपट कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा केला. कथाचित्रपटात काम करणाऱ्या, ठरावीक मर्यादेच्या आत वेतन घेणाऱ्या कामगारांना निर्मात्याने लेखी करारावाचून कामावर ठेवू नये, तो करार सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवावा, तंटा झाल्यास आधी समेट अधिकाऱ्याने प्रयत्न करावा आणि न जमल्यास न्यायाधिकरणाकडे जावे, अशी त्याची योजना होती. या कायद्यातील व्याख्येत नट आणि नर्तक यांच्या जोडीला वादकाचाही स्पष्ट उल्लेख होता. याचे महत्त्व एका वेगळ्या खटल्यावरून कळते. भोपाळच्या भारत भवनातील रंगमंडलाच्या कलावंतांनी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली असता, सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये असा निर्णय दिला की, नाट्यनिर्मितीत आपली सर्जनशील प्रतिभा वापरणारा कलावंत हा त्या कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नव्हे. कायद्याचा अर्थ लावण्याच्या दृष्टीने या निर्णयामागे युक्तिवाद आहे, हे मान्य करावे लागते. परंतु परिणाम काय होतो तो पाहा. त्या कायद्याच्या कलम ९-अ प्रमाणे, कामगाराचे वेतन त्याच्या अहिताने बदलावयाचे झाल्यास मालकाने एकवीस दिवस आधी नोटीस द्यावी लागे. गिरणीतल्या जॉबरला जे संरक्षण होते, ते रात्रंदिवस रियाज करून बोटांना घट्टे पाडून घेतलेल्या कलावंताला नाकारले गेले, आणि तेही त्याचे काम श्रेष्ठ प्रतीचे म्हणून! कलेचा असा गौरव कलावंताच्या संसाराला महाग पडतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आकाशवाणीवर हाच पेच वेगळ्या रूपाने उभा राहिला. १९५२ मध्ये दिल्लीस पंडित रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय वाद्यवृंद सुरू झाला, आणि नागपूर, पुणे, मुंबई अशा केंद्रांवर साथीदार वादक नेमलेले असत. पण हे सारे ‘स्टाफ आर्टिस्ट’, म्हणजे मुदतीच्या करारावरचे, ज्यांना पगाराऐवजी ‘फी’ मिळे. शेजारच्या टेबलावरचा कारकून कायम आणि तानपुरा लावून बसलेला वादक मुदतीचा, ही विसंगती कित्येक वर्षे चालली. १९८२ मध्ये सरकारने या कलावंतांना शासकीय सेवेत सामावून घेण्याचा मार्ग मोकळा केला, आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते केंद्र सरकारच्या अधीन असलेले पद धारण करतात, असे मान्य केले. म्हणजे वाद्य तेच, हात तोच. पण धनी सरकार असल्याचे एकदा ठरले की प्रतिष्ठा आणि सुरक्षितता दोन्ही मिळतात.

जेथे करार लेखी आहेत, संघटना बलवान आहे आणि वृंदाला शंभर वर्षांची परंपरा आहे, तेथे तरी कपात टळते काय? अमेरिकेतील मिनेसोटा ऑर्केस्ट्राचे उदाहरण याबाबत मननीय आहे. ३० सप्टेंबर २०१२ रोजी जुना करार संपला. व्यवस्थापनाने किमान वार्षिक वेतन सुमारे १,१३,००० डॉलरवरून सुमारे ७८,००० डॉलरवर आणण्याचा प्रस्ताव ठेवला, वादकांनी तो नाकारला, आणि व्यवस्थापनाने टाळे लावले. मुंबईच्या वाचकाला संप आणि टाळेबंदी यांतील भेद निराळा सांगावयास नको: संपात कामगार काम थांबवितो, टाळेबंदीत मालक. हे टाळे पंधरा महिन्यांहून अधिक काळ राहिले. वादकांनी स्वतःच्या बळावर मैफली केल्या. वर्षभराने वृंदसंचालक ऑस्मो व्हान्स्का यांनी राजीनामा दिला. अखेर जानेवारी २०१४ मध्ये १५ टक्के कपातीवर तडजोड झाली. कपात झालीच, पण प्रस्तावित कपातीच्या निम्म्याहूनही कमी. त्याआधी २०१०-११ मध्ये डेट्रॉइटचा वृंद सुमारे सहा महिने संपावर होता, आणि तेथेही वादकांना घट पत्करावी लागली. करारनामा कपात अशक्य करीत नाही. तो ती मुकाट्याने होऊ देत नाही. मुदत, वाटाघाट आणि सार्वजनिक चर्चा यांतून तिला जावे लागते.

अशी कपात श्रीमंत देशांतही पुन:पुन्हा का उद्भवते, याचे विवेचन विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये केले. गिरणीत नवे माग आले की तेवढ्याच मजुरांकडून पूर्वीपेक्षा अधिक कापड निघते, आणि त्यातून वाढीव मजुरी देता येते. परंतु चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेली रचना दोनशे वर्षांपूर्वी जेवढ्या माणसांनी जेवढ्या वेळात वाजविली, तेवढीच माणसे आणि तेवढाच वेळ आजही लागतो. तीन माणसांत ती वाजविणे म्हणजे ती न वाजविणेच होय. समाजातील इतर वेतने वाढत जातात, त्यांच्या मागोमाग वादकाचे वेतनही वाढवावे लागते, पण त्याच्या कामातून निघणारे उत्पन्न त्या प्रमाणात वाढत नाही. ही तूट देणगीदार, शासन किंवा महाग तिकीट यांपैकी कोणीतरी भरावी लागते; आणि कोणीच पुढे आले नाही की ती वादकाच्या पगारातून भरली जाते. यात वादकाचा आळस नाही आणि बहुधा व्यवस्थापकाचा दुष्टपणाही नाही. मुंबईच्या स्टुडिओंत या कोड्याचे उत्तर यंत्राने काढले: १९८० नंतर सिंथेसायझर आला, पुढे संगणक आला, आणि जेथे पन्नास-साठ व्हायोलिने बसत तेथे एक कळफलक पुरू लागला. जे काम उरले नाही, त्याचा दर संघटनेने कितीही पक्का बांधला तरी त्याचा उपयोग काय?

ग्रामीण महाराष्ट्रात तमाशाच्या फडातील ढोलकीवाला, हलगीवाला आणि आता ऑक्टोपॅड वाजविणारा तरुण यांचा करार आजही ‘उचल’ या एका शब्दात मावतो. हंगामापूर्वी फडमालकाकडून आगाऊ रक्कम घ्यावयाची आणि हंगामभर वाजवून ती फेडावयाची. खेळ कमी झाले तर कर्ज पुढल्या वर्षावर जाते. २०२० च्या महामारीत जत्रा आणि सुपाऱ्या बंद पडल्या तेव्हा या व्यवस्थेचे दुखणे उघडे पडले. १९८१ चा कायदा कथाचित्रपटापुरता होता, तो फडापर्यंत पोहोचत नव्हता.

ज्यांचे वादन ध्वनिमुद्रित होते, त्यांच्यासाठी मात्र वेतनाचा आणखी एक मार्ग कायद्याने मोकळा केला आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ मध्ये सुधारणा करून सादरकर्त्याला स्वतंत्र हक्क देण्यात आला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्या हक्काचा विस्तार होऊन, आपल्या सादरीकरणाचा व्यापारी उपयोग झाल्यास त्याला स्वामित्वधन मिळावे असे ठरले. पण त्याच दुरुस्तीत एक परंतुक आहे: चित्रपटात ज्याचे सादरीकरण प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कोठेही येत नाही, तो या लाभापुरता सादरकर्ता मानला जाणार नाही. आमच्या चित्रपटांत गायकाचे नाव येते, संगीत दिग्दर्शकाचे येते. दुसऱ्या रांगेत बसून व्हायोलिन वाजविणाऱ्याचे नाव येत नाही, आणि तसे न येणे हाच रिवाज होऊन बसला आहे. म्हणून ध्वनिमुद्रणाला बसण्यापूर्वी जो कागद वादकाच्या पुढे येतो, त्यात शिफ्टचा दर, पैसे देण्याची तारीख आणि देणाऱ्याचे नाव यांच्या जोडीला श्रेयनामावलीत आपले नाव छापले जाईल हे कलम आहे की नाही, ते त्याने पाहावे आणि नसेल तर मागून घ्यावे. नावाची ती ओळ मानाची आहेच. पण गाणे पुढची तीस वर्षे वाजत राहिले तर तिच्यावर त्याचा पैसाही अडून राहणार आहे.